राजाला तेल लावलं, की राजाचा अभिषेक केला? एका शब्दाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज थोडं संस्कृत, थोडं हिब्रू आणि भरपूर तेल आहे.

विषय आला एका श्रोत्या मुलीच्या व्हॉइस नोटमधून. ती सबटायटल्सचं काम करते, इंग्रजी डॉक्युमेंटऱ्यांना मराठी सबटायटल्स. तिच्याकडे ब्रिटनच्या राजाच्या राज्यारोहणावरची एक फिल्म आली होती. त्यात पुन्हा पुन्हा एक शब्द यायचा : ‘अनॉइंट’. आर्चबिशप राजाला ‘अनॉइंट’ करतो. तिने लिहिलं, ‘राजाचा अभिषेक केला’. तपासणारा म्हणाला, अभिषेक पाण्याचा असतो, इथे तेल आहे, ‘राजाला तेल लावले’ असं लिही.

आता तुम्हीच सांगा. गंभीर संगीत चालू आहे, ऑर्गन वाजतोय आणि खाली पट्टी येते, ‘राजाला तेल लावले’. मराठी माणूस हसणारच. आपल्याकडे ‘तेल लावत गेला’ कुणाला म्हणतात ते मी इथे समजावत बसत नाही. ‘तेल लावलेला पैलवान’ म्हणजे कुणाच्याच हाताला न लागणारा, हेही राजकारणाच्या बातम्या वाचणाऱ्यांना माहीत आहे. तिने मला विचारलं, ‘दादा, यातलं बरोबर काय?’

उत्तर देतो. पण आधी हे दोन मराठी शब्द उघडून बघू, कारण दोन्ही रोजचे आहेत आणि दोन्हींच्या पोटात काय आहे ते आपण सहसा बघत नाही.

अभिषेक आणि अभ्यंग

‘अभिषेक’ म्हणजे अभि आणि सिच्. सिच् हा धातू शिंपडण्याचा, ओतण्याचा. ‘सिंचन’ त्यातलंच. म्हणजे पाटबंधारे खात्याचं सिंचन आणि महादेवाच्या पिंडीवरचा अभिषेक हे सख्खे भाऊ. शब्दाच्या मुळात द्रव आहे, धार आहे, वरून खाली पडणं आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा नद्यांची पाणी आणली होती, कलश होते. डोक्यावर पाणी पडलं आणि माणूस छत्रपती झाला. म्हणून ‘राज्याभिषेक’. मुकुट, सिंहासन, छत्र, सगळं होतं. पण समारंभाला नाव मिळालं ते पाण्याच्या धारेवरून.

‘अभ्यंग’ वेगळा. अभि आणि अञ्ज्. अञ्ज् म्हणजे माखणं, चोपडणं. डोळ्यात घालतो ते ‘अंजन’ याच धातूतून. इतकंच काय, ‘व्यंजन’ आणि ‘व्यक्त’ हे शब्दसुद्धा याच धातूचे. माखलं की रंग उठून दिसतो, दडलेलं समोर येतं, म्हणून ‘व्यक्त’. पुढच्या वेळी कुणी ‘मला व्यक्त व्हायचंय’ म्हणालं, की त्यात थोडं तेल आहे हे लक्षात ठेवा.

आता गंमत. इंग्रजी ‘अनॉइंट’ फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला आणि लॅटिनमधला ‘उंग्वेरे’ म्हणजे माखणं. भाषा-अभ्यासक सांगतात की हा लॅटिन धातू आणि आपला अञ्ज् एकाच जुन्या मुळाचे आहेत. ‘ऑइंटमेंट’ही त्याच घरातलं. म्हणजे शब्दाच्या रक्ताच्या नात्याने बघितलं तर ‘अनॉइंट’चा मराठी चुलतभाऊ ‘अभिषेक’ नाही, ‘अभ्यंग’ आहे.

मग लिहायचं का, ‘आर्चबिशपांनी राजाचे अभ्यंग केले’?

नाही ना वाटत? कारण ‘अभ्यंग’ म्हटलं की आपल्याला नरक चतुर्दशी आठवते. पहाटेची थंडी, पाट, वाटीत कोमट सुगंधी तेल, उटणं आणि ‘उठा उठा’ करणारी आई. शब्द मुळात चोख बसतो, पण त्याचा वास न्हाणीघराचा आहे. आयुर्वेदाने तर अभ्यंग रोजच्या दिनचर्येत घातला. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त तो रोज करावा आणि डोकं, कान, पाय यांना विशेष करून करावा, असं सांगितलं आहे. दात घासण्याच्या रांगेतली गोष्ट झाली ती. राजा व्हायला कुणी दात घासत नाही.

पण एक काळ होता जेव्हा अभ्यंगही मोठा विधी होता. ‘ऐतरेय ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात सोमयागाची दीक्षा घेणाऱ्याला ताज्या लोण्याने माखायला सांगितलं आहे. लोणीच का? कारण दीक्षा घेणारा माणूस त्या वेळी गर्भ मानला आहे. तो नव्याने जन्माला येणार आहे. गर्भासाठी लोणी, असा त्यांचा हिशोब. मग त्याच्या डोळ्यात अंजन घालायचं. एकाच धातूची दोन कामं, एका माणसावर.

आणि हे परकं वाटत असेल तर घरात तान्हं बाळ आहे अशा कुणालाही विचारा. बाळाची टाळू रोज तेलाने भरतात. ‘टाळू भरणे’ किती सुंदर शब्द आहे! नवा जीव, मऊ टाळू आणि तेलाची बोटं. त्यात मंत्र नसतो, पण करणाऱ्या आजीचा चेहरा बघा, तो विधी करणाऱ्याचाच असतो.

तेल कुणाचं?

‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’वरून आणि ‘तैल’ म्हणजे तिळाचं ते. म्हणून ‘खोबऱ्याचं तेल’ म्हणताना शब्दाच्या हिशोबाने आपण ‘खोबऱ्याचं तिळाचं’ म्हणत असतो. तिकडे इंग्रजी ‘ऑइल’ लॅटिनमधून मागे मागे नेलं की ग्रीक ‘एलाइया’ला जाऊन पोचतं, म्हणजे ऑलिव्हला. आपल्या शेतात तीळ, त्यांच्या डोंगरावर ऑलिव्ह. ज्याने त्याने आपल्या झाडाचं नाव सगळ्या तेलाला देऊन टाकलं.

त्या ऑलिव्हच्या डोंगराळ प्रदेशात, आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भूमीत, हिब्रू भाषेत एक क्रियापद होतं, ‘माशाख’. अर्थ साधा : माखणं, चोपडणं. ढालीला तेल चोपडायचं तर हेच क्रियापद आणि राजाला तेल लावायचं तरी हेच. बायबलच्या जुन्या करारात शमुवेल संदेष्टा मेंढ्या राखणाऱ्या दावीद नावाच्या पोराच्या डोक्यावर शिंगातलं तेल ओततो. मोठे भाऊ बघत राहतात आणि धाकटा राजा ठरतो. निर्गमच्या पुस्तकात या पवित्र तेलाची कृतीसुद्धा आहे. गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेखंड २५०, तज ५०० आणि वर एक हिन ऑलिव्हचं तेल. शेकेल आणि हिन ही त्यांची वजनं-मापं. अगदी आजीच्या मसाल्यासारखं मोजून सांगितलंय. आणि ताकीदही आहे, की घरच्या वापरासाठी असं बनवायचं नाही.

याच बायबलमध्ये याकोबाची गोष्ट आहे. तो प्रवासात दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी बघतो, सकाळी उठून तोच दगड उभा करतो आणि त्याच्यावर तेल ओततो. जागेचं नाव ठेवतो बेथेल, देवाचं घर. ही गोष्ट समजायला मराठी माणसाला तळटीप लागत नाही. गावच्या वेशीवरचा मारुती बघितलाय ना आपण? तेल आणि शेंदूर. शनिशिंगणापूरला उघड्यावर उभी असलेली शिळा आणि शनिवारी तिच्यावर तेल वाहायला लागलेली रांग. तिथे आपण काय म्हणतो? ‘तैलाभिषेक’. म्हणजे मराठीने स्वतःच, कुठल्याही भाषांतरकाराला न विचारता, अभिषेकात तेल ओतून ठेवलंय.

तेल लावलेला माणूस

‘माशाख’वरून झाला ‘माशिआख’. ज्याला तेल लावलं तो. आधी हा शब्द कुणा एकट्याचा नव्हता. राजा झाला, माशिआख. महायाजक झाला, माशिआख. आणि एकदा तर परदेशी माणूससुद्धा! यशयाच्या पुस्तकात इराणचा सम्राट कोरेश, ज्याला आपण सायरस म्हणून ओळखतो, त्याला हा शब्द लावलाय. त्याने बाबेल जिंकलं आणि तिथे अडकलेल्या यहुदी लोकांना घरी परत जाऊ दिलं. त्याच्या डोक्यावर कुणी तेल घातल्याचं कुठेच नाही. इथे शब्द तेलापासून सुटलेला दिसतो. आता त्याचा अर्थ ‘तेल लावलेला’ नाही, ‘कामासाठी निवडलेला’.

पुढे यहुदी पंडितांनी आपले ग्रंथ ग्रीकमध्ये नेले. ‘माशिआख’ला त्यांनी शब्दशः ग्रीक प्रतिशब्द दिला : ‘ख्रिस्तोस’. तेल चोपडलेला. ज्या ग्रीकांना ही परंपरा माहीत नव्हती त्यांच्या कानाला तो विचित्रच वाटला असणार. त्यांच्याकडे अंगाला तेल पैलवान लावायचे! म्हणजे आपल्या सबटायटलवाल्या मुलीचा घोटाळा दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. त्यांनी ‘राजाला तेल लावले’ असंच लिहिलं आणि तो शब्द टिकला. आज आपण ‘येशू ख्रिस्त’ म्हणतो, तेव्हा ख्रिस्त हे आडनाव नाही. ती एक पदवी आहे आणि तिच्यात तेल आहे.

अरबीत हाच शब्द ‘मसीह’. कुराणात ईसा अल्-मसीह येतो. तिथून फारसी, उर्दू आणि मग आपल्याकडे ‘मसीहा’. उर्दू शायरीत मसीहा म्हणजे बरं करणारा, फुंकर घालून जीव आणणारा. तिथून हिंदी सिनेमात, तिथून बातम्यांत. ‘गरिबांचा मसीहा’, ‘शेतकऱ्यांचा मसीहा’. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मजुरांना गावी पोचवणाऱ्या एका अभिनेत्यालाही माध्यमांनी हाच शब्द दिला. हिब्रू, ग्रीक, अरबी, फारसी, उर्दू, हिंदी, मराठी. शब्द केवढा हिंडला बघा, आणि वाटेत तेल कुठे सांडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि या गोष्टीत महाराष्ट्राचा एक धागा आहे, जो मला फार आवडतो. ज्या लोकांच्या भाषेतून हा शब्द आला, त्यांच्यातलीच काही माणसं शेकडो वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर आली. अलिबागजवळच्या नवगावला त्यांची पहिली माणसं लागली असं ती स्वतः सांगतात. बेने इस्रायल. मराठी बोलणारे, गावाच्या नावावरून आडनावं घेतलेले. आणि इथे त्यांनी धंदा कुठला केला? तेलाच्या घाण्याचा! शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद, म्हणून कोकणाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. माशिआखची वाट बघणारी माणसं कोकणात तेल गाळत होती. मी हे रचून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जरा जास्तच झालं.

शब्द बदलला आणि फरक पडला

आता जरा हळू बोलतो. शब्द असा की तसा, याने काय बिघडतं, असं वाटत असेल तर हे ऐका.

कॅथलिक चर्चमध्ये आजारी माणसाला पवित्र तेल लावण्याचा संस्कार आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, त्यावर तो आधारलेला आहे. पण मध्ययुगापासून तो मरणाच्या दारात करायची पद्धत पडली आणि त्याला नाव पडलं ‘शेवटचा तैलाभ्यंग’. नावात ‘शेवटचा’ आला आणि लोक घाबरले. फादर तेलाची कुपी घेऊन आले म्हणजे संपलं. मग घरचे लोक बोलवायचंच लांबवायचे. जे तेल धीर द्यायला होतं, तेच मरणाची चिठ्ठी झालं.

१९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात, चर्चने लेखी सांगितलं की याला ‘आजाऱ्यांचा तैलाभ्यंग’ म्हणणं जास्त योग्य आहे आणि तो फक्त शेवटच्या घटकेसाठी नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधीही सोपा केला. आधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं सगळीकडे तेल लावायचे, आता कपाळ आणि हात. आणि अजून एक गोष्ट केली : ऑलिव्हचं तेल जिथे मिळत नाही तिथे दुसरं कुठलंही वनस्पतीचं तेल चालेल. म्हणजे खोबरेलसुद्धा.

वसईला माझा एक मित्र आहे. त्याची आजी खूप आजारी होती, दवाखान्यात. घरात दोन दिवस एकच चर्चा, फादरना बोलवायचं की नाही. आत्या म्हणत होती, ‘नको, आई घाबरेल. तिला वाटेल आपण आशा सोडली.’ कागदावर नाव बदलून पन्नास वर्षं झाली होती, पण घरात अजून जुनंच नाव राहत होतं. शेवटी आजीनेच विचारलं, ‘फादर का नाही आले अजून?’ ते आले. कपाळाला तेल, तळहातांना तेल, पाच-दहा मिनिटांचं काम. मी दाराशी उभा होतो. मित्र नंतर म्हणाला, ‘दोन दिवस आम्ही तिला सलाइन लावलेली बघत होतो, तिचा हात कुणी धरला नव्हता रे.’ आजी त्यानंतर सात महिने जगली. तेलाने जगली असं मी म्हणत नाही, औषधं चालूच होती. मी एवढंच म्हणतोय, की एका विशेषणामुळे तिचे दोन दिवस एकटे गेले.

मला वाटतं, या सगळ्या शब्दांच्या मुळाशी तेल नाही, हात आहे. पाणी लांबून शिंपडता येतं. तेल लावायचं तर जवळ यावं लागतं, बोट टेकवावं लागतं. १८०४ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये नेपोलियन सम्राट झाला, तेव्हा मुकुट त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर ठेवला. पोप समोर असताना! पण त्याआधी तेल मात्र त्याने पोपच्याच हातून लावून घेतलं. मुकुट घेता येतो. तेल कुणीतरी लावावं लागतं.

६ मे २०२३ ला राजे तिसरे चार्ल्स यांचा समारंभ झाला तेव्हाही तसंच. हिरेजडित सगळं जगाला दाखवलं, पण तेल लावायची वेळ आली तेव्हा तिन्ही बाजूंनी पडदे धरले. हात, छाती, डोकं. तेल जेरुसलेमच्या ऑलिव्ह डोंगरावरच्या ऑलिव्हचं आणि चमचा बाराव्या शतकातला. कॅमेऱ्याला तेवढं एकच दिसलं नाही. लग्नात तेलवणाच्या वेळी पाच बायका आंब्याच्या पानाने नवरीला तेल-हळद लावतात, तेव्हाही फोटोग्राफरला ‘जरा थांब रे’ म्हणणारी एक मावशी असतेच. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात ‘रोस’ असतो. नारळाचा रस आणि खोबरेल, लग्नाआधी घरच्यांच्या हातून. धर्म वेगळे, झाडं वेगळी, हात तोच.

तर मग लिहायचं काय?

माझं मत सांगतो, वापरून बघा.

वरून धार असेल तर ‘अभिषेक’. अंगाला चोळायचं असेल तर ‘अभ्यंग’. देवाला तेल ‘वाहायचं’, लावायचं नाही. बाळाची टाळू ‘भरायची’. आजाऱ्याच्या संस्काराला ‘तैलाभ्यंग’ म्हणा, आणि त्याच्यापुढे ‘शेवटचा’ लावू नका. राजा किंवा याजक असेल तर ‘तेलाचा अभिषेक’. मराठी बायबलनेही राजा-याजकांसाठी ‘अभिषेक’ आणि ‘अभिषिक्त’ हेच शब्द धरले. भाषांतरकारांनी तिथे पदार्थापेक्षा मान बघितला आणि मला ते पटतं. पण ‘तेलाचा’ हा शब्द गाळू नका. तो गाळला की आपला वाचक रायगडावरचं पाणी बघतो आणि समोर चालू असलेली गोष्ट त्याला दिसत नाही. आणि ‘मसीहा’? तो जरा जपून. बसचं तिकीट काढून दिलं म्हणून लगेच कुणी मसीहा होत नाही.

मी त्या मुलीला लिहिलं, ‘राजाला तेलाचा अभिषेक’. छोटं आहे, सबटायटलच्या एका ओळीत बसतं. तपासणाऱ्यानेही मान्य केलं म्हणे.

आता तुमचं काम. घरात आजी, मावशी, काकू, जी कुणी असेल तिला विचारा : तेल लावण्याचे तिच्याकडे किती शब्द आहेत? माखणं, चोपडणं, चोळणं, जिरवणं, थापणं, भरणं, वाहणं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. तिच्या आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि रेकॉर्डिंग झालं की फोन बाजूला ठेवून तिच्यासमोर डोकं धरा. ती तेल आणेलच.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!